वैरागकडील माळ, कुरण आणि नांगर

सोलापुराहून बार्शीकडे निघालें म्हणजे वाटेंत नान्नज लागतें आणि पुढें वैराग. या वाटेवर अरण्य शोधणारास शाळूचीं शेतें व मधूनमधून मुरमाड माळ एवढेंच दिसेल. तथापि या प्रदेशाचें वन म्हणजे हा माळच, असें आमचें मत आहे. वनरक्षणाचा विषय निघाला कीं आज्ञापत्रांतील आंब्याफणसांचा मजकूर पुढें करण्याची वहिवाट पडली आहे. परंतु तो आरमाराच्या लाकडासंबंधींचा. देशावरील कोरडवाहू मुलखाची रीत इस्तावा व कुरण या दोन शब्दांत शोधिली पाहिजे.

पडीक जमीन लागवडीस आणणारावर आरंभीं हलका धारा बसवून तो सालोसाल पूर्ण आकारास न्यावयाचा, हा इस्तावा. पागेच्या घोड्यांच्या गवतासाठीं राखून जेथें नांगर वर्ज्य केला, तें कुरण. गांवच्या गुरांस गायरान निराळें. सरकारास वसूल हवा तसें गवतही हवें, म्हणून दोन्ही एकाच दप्तरांत नांदलीं. यांत पाखरांची कणव नव्हती, हें उघड आहे.

१८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरास हलक्या दराची नवी जमाबंदी आरंभिली. रयतेस दिलासा मिळाला. त्याबरोबर पडही नांगराखालीं गेली. पुढें १८९७ त बार्शी लाइट रेल्वे धावूं लागली व शेतमालास पेठ जवळ झाली. घोडदळ गेलें तेव्हां गवताचा सरकारी वालीही गेला.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणग्रस्त प्रदेशाच्या योजनेंतून माळावर झाडें लाविलीं गेलीं. परंतु नान्नजचा माळढोक उघड्या माळावर, भुईवरच अंडें घालणारा. दाट झाडी त्यास मानवत नाहीं. त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें तें सुमारें ८,५०० चौरस किलोमीटरांचें! त्यांत पिकतीं शेतें व नांदतीं गांवें आलीं, जमिनीच्या खरेदीविक्रीस अडथळे झाले, आणि शेतकऱ्यास पक्षी वैरी वाटूं लागला. तीन दशकांनंतर तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणिलें गेलें. मधल्या काळांत उजनीच्या पाण्यानें जिल्ह्यांत ऊंस वाढला. आणि नान्नजच्या अलीकडील कांहीं गणनांत एकच माळढोक आढळला.

कुरणाची हद्द शिवारांत उभें राहून ठरे, अभयारण्याची नकाशावर ठरली. वैराग-बार्शीकडील जुन्या पाटील-कुळकर्णी घराण्यांच्या रुमालांत गायरानांच्या चतुःसीमांचे कागद असतील, तर त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य याव्यात.