कानशीने घासलेली दाढ

मंडळी, जीभ जरा दाढेवर फिरवा. उंचवटे लागले ना, मधल्या खाचा? चावून चावून हे उंचवटे झिजतात, सपाट होतात. या झिजेचीच कुणीतरी नक्कल केली!

१९१२ मध्ये लंडनला ‘पिल्टडाउन मानव’ जाहीर झाला. कवटी माणसाची, जबडा वानरासारखा, पण दाढा माणसासारख्या सपाट. म्हणजे आपला पूर्वज इंग्लंडचा! मग १९२५ मध्ये आफ्रिकेतून खऱ्या पूर्वजाची, टाँगच्या बालकाची, कवटी पुढे आली, तर तिथल्या बड्या शास्त्रज्ञांनी ती वानराच्या पिल्लाची म्हणून बाजूला सारली.

१९५३ मध्ये त्या दाढा सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासल्या. कानशीचे ओरखडे दिसले! शेजारशेजारच्या दाढा वेगवेगळ्या कोनांत झिजलेल्या. चावताना असं होईल कसं? जबडा निघाला ओरांगउटानचा.

चाळीस वर्षं फसवणूक चालली, आणि पुरावा दाढेवरच होता.