वारीतला पाऊस

दरवर्षी जून उजाडला की कुणीतरी हमखास विचारतं, "पंढरपूरला चालतच जायचं तर थंडीत का नाही जात? या चिखलात कशाला?" प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात आपल्या शेतीचा नि पंचांगाचा बराच इतिहास दडलेला आहे.

पूर्वी पावसाळा म्हणजे थांबायचे दिवस. बौद्ध भिक्षू वर्षावासासाठी एका जागी राहत. जैन साधू आजही चातुर्मासात विहार करत नाहीत. मराठ्यांच्या फौजासुद्धा पावसाळ्यात माघारी येत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा निघत. बाकी सगळे घरी बसत, नेमका तेव्हा वारकरी घराबाहेर पडतो! आषाढ शुद्ध एकादशीला देव निजतात आणि चातुर्मास सुरू होतो. त्याआधी पोहोचायचं, तर ज्येष्ठ वद्यात निघायलाच हवं.

थंडीच्या तोंडावर कार्तिकी वारी असतेच की. रस्ते कोरडे, हवा सुखाची. तरी मोठी वारी आषाढीचीच. कारण उघड आहे. कार्तिकात खरीप काढायचं, रब्बी पेरायचं, शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. उलट मृगावर पेरणी उरकली की कोळपणी-खुरपणीपर्यंत थोडी सवड मिळते. त्या सवडीत वारी बसते.

वारी तशी ज्ञानेश्वरांच्याही आधीची. पण पादुका पालखीत घालून नेण्याची रीत तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली घातली. पुढे एकोणिसाव्या शतकात, शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या आरफळच्या हैबतबाबांनी माउलींची पालखी वेगळी काढली आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू दिले. पुढची शिस्त त्यातूनच आली. तो तंबू उन्हापेक्षा पावसासाठीच जास्त उपयोगी पडला असेल, असं मला आपलं वाटतं.

पण 'पेरणी उरकून वारी' हे गणित दरवर्षी जुळत नाही. वर्गात मी हे फळ्यावर मांडून दाखवत असे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून एकादशी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे ढकलली जाते. २०१८ साली ती २३ जुलैला होती, २०२० साली १ जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला. पाऊस काही पंचांग बघून येत नाही! २०२३ साली पाऊस लांबला. माउलींचं प्रस्थान ११ जूनला झालं आणि मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचं जाहीर झालं २५ जूनला, एकादशी चार दिवसांवर असताना. म्हणजे बहुतेक वाटचाल उन्हातच झाली.

वाटही अशी आहे की पाऊस मागे राहतो आणि दुष्काळी मुलूख पुढे येतो. दिवे घाट चढून सासवडला गेलं, पुढे नीरा ओलांडून लोणंद, फलटण धरलं, की आपण पर्जन्यछायेत शिरतो. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही जोर सप्टेंबरात. तरी चंद्रभागेला पूर येतोच, कारण पाणी वरून येतं. उजनी आणि वीर धरणांतून विसर्ग वाढला की वाळवंट बुडतं. १९६१ साली एकादशी जुलैच्या उत्तरार्धात होती. १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा पालख्या पुणं सोडून पुढे गेल्या होत्या. दि. बा. मोकाशी त्याच वर्षी वारीत चालले आणि त्यातून 'पालखी' हे पुस्तक झालं.

पावसाशी वारकऱ्याचं भांडण नसतं. पूर्वी घोंगडीची खोळ असे, नंतर डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद आला. आधी मृदंग झाकायचा, मग स्वतःला. पुडी ओली झाली की बोलत नाही ना! मी पालखीच्या वाटेवरच्या एका गावात मास्तर होतो. पावसाच्या रात्री आम्ही वर्गखोल्या उघडून देत असू. भिजलेली माणसं बाकांमधल्या जागेत दाटीवाटीनं निजत. निजण्यापूर्वी तिथं हमखास विषय निघे, "आमच्याकडं पडला असंल का?" पायाखाली चिखल असायचा आणि जीव घरच्या रानात.

मला वाटतं, वारीचा अर्धा इतिहास त्या रानात घडला आहे आणि तो कुणी लिहिलेला नाही. एकादशी लवकर आली किंवा पाऊस उशिरा आला, तर पेरणी कोण करायचं? घरी राहिलेला भाऊ, म्हातारी आई, बायको. वारी 'चुकली नाही' असं आपण अभिमानानं सांगतो, पण ती चुकू न देणारे हात चाललेल्या माणसाच्या घरी असत. त्या हातांवर माळ नसेल, माती होती.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरीच राहिले. त्या दोन वर्षी कित्येकांनी आषाढाच्या तोंडावर आपल्याच रानातला पाऊस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल.

आपल्या घराण्यातही पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. कोण कोण गेले, त्यांची नावं थोरल्यांना पाठ आहेत. मागे पेरणीला कोण राहिलं, त्यांची नावंही एकदा विचारून लिहून ठेवा. सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.