झिजलेल्या मणक्याची कैफियत

कुपवाडच्या आमच्या मशिदीत मागच्या रांगेला एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. तिच्यावर बसून माझे थोरले भाई नमाज पढतात. लष्कराचा ट्रक 17 वर्षे डोंगरी रस्त्यांवर चालवला. आता कंबर वाकत नाही. 2003 साली ते निवृत्त झाले, तेव्हा वैद्यकीय मंडळाने मणक्याची झीज मान्य केली, अपंगत्व 20 टक्के लिहिले आणि खाली शेरा मारला : ‘सेवेशी संबंध नाही.’ नेहमीचे पेन्शन सुरू झाले, अपंगत्वाचे नाकारले गेले.

श्रोतेहो, जखमी सैनिक म्हटले की आपल्याला गोळी आठवते. आपल्याच जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या शिपायांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 साली मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली. पुढे ती खडकीला गेली. या जखमा डोळ्यांना दिसणाऱ्या. गुडघ्याची, मणक्याची झीज मात्र दिसत नाही, आणि ती अमक्या दिवशी झाली असेही सांगता येत नाही. म्हणून तिला कागदावर भांडावे लागते.

भांडण दोन प्रश्नांवर असते. दुखणे सेवेमुळे झाले किंवा वाढले काय? आणि ते 20 टक्के तरी आहे काय? 1982 च्या नियमावलीत संशयाचा फायदा सैनिकाला दिलेला होता. पण ‘झीज वयोमानाची’, ‘प्रकृतीचाच दोष’ अशा शेऱ्यांपुढे तो कागदावरच राही.

2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्याचा निकाल दिला. या शिपायाला आकडीचा आजार होता. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे धरायचे. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नाही, आणि मंडळाने कारणे दिली पाहिजेत. या तत्त्वाचा आधार पुढे मणक्याच्या आणि सांध्यांच्या प्रकरणांनाही मिळाला. डिसेंबर 2014 मध्ये रामअवतार खटल्यात आणखी एक गोष्ट ठरली. 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरण्याची सवलत मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली.

आता माझी चूक सांगतो. 2003 मध्ये भाई म्हणाले होते, ‘‘तू बी.ए. झालास, कविता करतोस, माझं अपील तूच लिही.’’ मी लिहिले. त्यात हिमालय होता, मातृभूमी होती, त्याग होता. पाठ पहिल्यांदा कधी दुखली, कोणत्या लष्करी रुग्णालयात नेले, कोणत्या रस्त्यावर किती वर्षे काढली, यांतले काहीच नव्हते. अपील फेटाळले गेले. भाई म्हणाले, ‘‘जाऊ दे,’’ आणि मीही जाऊ दिले.

2013 च्या निकालाची बातमी वाचली आणि भाईंची लोखंडी ट्रंक पुन्हा उघडली. भरतीचा तपासणी-कागद, रुग्णालयाच्या चिठ्ठ्या, नेमणुकांच्या तारखा. दोन पाने साधी हकिगत लिहिली, वकील गाठला. 2009 पासून लष्करी न्यायाधिकरण कामाला लागले आहे, त्याचे एक पीठ मुंबईत आहे. तिथे दाद मागितली. निकाल भाईंच्या बाजूने लागला, पण मधल्या बऱ्याच वर्षांचे पैसे बुडाले.

21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवी नियमावली लागू आहे. नियम बदलले, तरी कागदाचे महत्त्व कमी झालेले नाही. आपल्या सातारा-सांगलीत घरटी फौजी असलेली गावे आहेत. कुणी सुट्टीवर आला की भाई त्याला आधी विचारतात, ‘‘पाठ दुखते का?’’ आणि लगेच, ‘‘डॉक्टरला दाखवून नोंद करून घेतलीस का?’’