पेट-एमआरआय तपासणीतील मापनाची अचूकता

पेट-एमआरआय ही पॉझिट्रॉन-उत्सर्जन छेदचित्रण आणि चुंबकीय अनुस्पंदन चित्रण या दोन तपासण्या एकाच यंत्रात करणारी वैद्यकीय पद्धत आहे. पेटमधून ऊतींचा चयापचय कळतो, तर एमआरआयमधून त्यांची रचना दिसते. पेटचे चित्र केवळ पाहण्यासाठी नसते. त्यातून एक आकडा काढला जातो आणि कर्करोगाचा उपचार चालू ठेवावा की बदलावा, हे ठरविताना त्याचा आधार घेतला जातो. हा आकडा शरीरातील खऱ्या प्रमाणाशी कितपत जुळतो, यावर मापनाची अचूकता ठरते.

भारतातील पहिले पेट यंत्र २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ, मुंबई येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. पुढे पेट-सीटी यंत्रे रूढ झाली. दोन्ही मोजमापे एकाच वेळी करणारे, संपूर्ण शरीरासाठीचे पेट-एमआरआय यंत्र २०१० साली आले. पेट यंत्रांतील जुन्या प्रकाशगुणक नलिका चुंबकीय क्षेत्रात चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागी अर्धवाहक शोधक बसवावे लागले.

आकडा कसा तयार होतो

रुग्णाला बहुधा फ्लोरीन-१८ जोडलेले, ग्लुकोजसारखे एफडीजी हे द्रव्य टोचतात. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनशी भेटताच दोघेही नष्ट होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन परस्परविरुद्ध दिशांना जातात. यंत्र या जोड्या मोजते. ऊतीतील किरणोत्साराला टोचलेल्या मात्रेने भागून वजनाने गुणले, की प्रमाणित ग्रहणमूल्य, म्हणजेच एसयूव्ही मिळते. द्रव्य शरीरभर सारखे पसरले असते, तर हे मूल्य सर्वत्र १ आले असते.

या भागाकारात घड्याळालाही महत्त्व आहे. फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. मुंबईत तयार झालेली मात्रा धुळे जिल्ह्यातील नरडाण्यापर्यंत रस्त्याने सात तासांत आणली, तर तिचा जेमतेम चौदावा हिस्सा उरेल. मात्रा मोजणाऱ्या उपकरणाचे घड्याळ आणि पेट यंत्राचे घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक पडला, तर आकडा सुमारे ६ टक्क्यांनी चुकतो. सिरिंजमध्ये उरलेले द्रव्य वजा न करणे, ही अशीच साधी पण नेहमी संभवणारी चूक होय.

क्षीणनाची दुरुस्ती

सर्वांत मोठी अडचण शरीरच निर्माण करते. ३० सेंटिमीटर पाण्यातून फोटॉनांच्या अठरा जोड्यांपैकी जवळपास एकच अबाधित बाहेर पडते. उरलेल्यांचा हिशेब गणिताने भरून काढावा लागतो, त्याला क्षीणनदुरुस्ती म्हणतात. येथे दुरुस्तीचा गुणक मूळ मोजणीच्या कितीतरी पट असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील लहानशा चुकीचे महत्त्व कळते.

सीटी हे क्ष-किरणांचेच चित्र असल्याने ऊती फोटॉनांना किती अडवतात, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. एमआरआयला हे कळत नाही. त्याचा संकेत मुख्यतः पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या केंद्रकांपासून येतो. हाडाचा संकेत इतक्या लवकर विरतो, की नेहमीच्या एमआरआयमध्ये हाड आणि हवा दोन्ही काळीच दिसतात. प्रत्यक्षात हवा फोटॉनांना जवळजवळ अडवत नाही, तर हाड सर्वांत जास्त अडवते. आरंभीच्या यंत्रांनी शरीराची हवा, फुप्फुस, चरबी आणि मऊ ऊती अशा चार वर्गांत विभागणी केली आणि हाडाला मऊ ऊती मानले. परिणामी कवटीलगतच्या मेंदूच्या भागात आणि हाडांतील गाठींत मूल्य दहा-वीस टक्क्यांपर्यंत कमी येऊ शकते. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत मेंदूच्या बाह्यकाची तुलना अनुमस्तिष्काशी करतात, तेव्हा दोन्ही ठिकाणची चूक वेगवेगळी असल्यास गुणोत्तरही फसवे ठरते.

हाडाचा क्षणिक संकेत टिपणारी अतिलघु प्रतिध्वनीकाळाची पद्धत, अनेक व्यक्तींच्या सीटीवरून रचलेले नकाशे आणि अलीकडे संगणकीय शिक्षणप्रणाली, असे उपाय यावर निघाले. २०१७ साली मेंदूसाठीच्या अकरा पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली. सीटीशी ताडून पाहता त्यांतील बहुतेकींची सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत होती. सरासरीची ही ग्वाही प्रत्येक रुग्णाला लागू पडेलच असे नाही.

दातांतील वा सांध्यातील धातूभोवती एमआरआयचा संकेत नाहीसा होतो. ती जागा हवा समजली गेली, की आसपासचे मूल्य घटते. अंगावर ठेवलेली संकेतग्राहक वेटोळी फोटॉन अडवतात, पण चित्रात दिसत नाहीत. स्थूल रुग्णाचे हात चित्रक्षेत्राबाहेर राहू शकतात. श्वासामुळे फुप्फुसाच्या तळाशी दोन्ही चित्रे जुळत नाहीत.

तपासणी आणि तुलना

यंत्राचे अंशमापन पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या फँटमवर होते. एमआरआयला प्लास्टिक दिसत नसल्याने फँटमचा क्षीणननकाशा सीटीवरून आधीच बनवून ठेवावा लागतो. ज्या यंत्राला पर्याय म्हणून हे यंत्र आले, त्याचीच मदत त्याला अशी घ्यावी लागते.

२००९ साली मांडलेल्या पर्सिस्ट निकषांनुसार उपचाराला प्रतिसाद मिळाला असे म्हणण्यासाठी मूल्यात किमान ३० टक्के घट लागते. नरडाण्यासारख्या गावातील रुग्णाला तपासणीसाठी मोठे शहरच गाठावे लागते. त्याची पहिली तपासणी एका शहरात पेट-सीटीवर आणि दुसरी अन्यत्र पेट-एमआरआयवर झाली, तर हाडातील गाठीच्या मूल्यात दिसणाऱ्या घटीचा बराच भाग केवळ यंत्रबदलाचा असू शकतो. म्हणून पाठोपाठच्या तपासण्या शक्यतो त्याच यंत्रावर आणि टोचल्यानंतर तितक्याच वेळाने कराव्यात, असा दंडक आहे. ते न जमल्यास आधीचा अहवाल, मूळ प्रतिमांची चकती, टोचलेली मात्रा आणि वेळ यांची नोंद सोबत नेणे उपयोगी पडते.