गाव सोडलेल्या बापांचा इतिहास

बास्क हा स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज डोंगराच्या दोन्ही अंगांना राहणारा छोटा समाज. त्याच्या भाषेचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. या समाजातील अनेक तरुण पोटासाठी अमेरिकेतील नेवाडाच्या माळरानांवर मेंढरे राखायला गेले. अशाच एका मेंढपाळाचा मुलगा रॉबर्ट लॅक्साल्ट याने १९५७ साली ‘स्वीट प्रॉमिस्ड लँड’ हे बापावरचे पुस्तक लिहिले. हयात परमुलखात काढलेला बाप मुलाबरोबर जन्मगावी जातो. गाव त्याला पोटाशी धरते. तरीही आपले घर आता नेवाडातच आहे, हे त्याला उमगते.

वाचताना मी अडलो तो गावाने पोटाशी धरण्यापाशी. माझे आजोबा सिन्नर तालुक्यातून मुंबईच्या गिरणीत गेले. जत्रेला गावी येताना धुतलेले कपडे घालत, तेवढेही काहींना खुपत असे. वेशीच्या आत त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते.

आपल्या नाशिक जिल्ह्यानेही स्थलांतराचे मोठे वाङ्मय दिले आहे. पण ते निराळे आहे. विहितगावचे बाबुराव बागूल लहानपणीच मुंबईला, माटुंगा लेबर कॅम्पात गेले. त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक परप्रांतात रेल्वेत नोकरीला लागतो. पण खोली मिळवायला त्याला जात लपवावी लागते. ओझरचे दामू जाधव येसकरीच्या पाळीवर पोलिसाचा मार खाऊन मुंबईला निघून गेले. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी स्वतःच आपल्या बोलीत आठवणी लिहिल्या. त्यांतून नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) उभे राहिले.

ही पुस्तके शिकवताना ‘मायभूमीची ओढ’ हे ठरीव माप लावले जाते. ते इथे अपुरे पडते. आपले बाप केवळ भाकरीसाठी गाव सोडून गेले नाहीत. येसकरी, जोहार आणि वेठ यांतून सुटण्यासाठी गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेचे वाभाडे काढले, त्यामागे हाच अनुभव होता. मात्र शहरात पोहोचलो म्हणजे सुटलो, असेही झाले नाही. बागुलांची कथा तेच सांगते. गावाची आठवण आम्हालाही येते. पण ती आईची, जात्यावरच्या ओव्यांची येते, पाटलाच्या वाड्याची नव्हे.

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांनी गाव कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने सोडले, हे मी विचारले नाही. मागे राहिले ते गिरणीचे एक हजेरीकार्ड. त्यावर नाव आहे, नंबर आहे, अंगठा आहे. एवढ्यावर मी इतिहास कसा लिहू?

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, परीक्षेच्या टिपणांआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. त्यांची बोली ‘शुद्ध’ करू नका. दामू जाधव लिहू शकले, तर आपलीही माणसे सांगू शकतील. विचारणारा मात्र वेळेवर पोहोचला पाहिजे.