मिलानची कॉफी आणि मोंझाची शर्यत

कॉफीचा पेला आणि शर्यतीची मोटार यांचें नातें सांगूं लागल्यास श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु उत्तर इटलींतील मिलान शहरांत व त्याच्या शेजारच्या मोंझा गांवीं या दोहोंचा इतिहास एकाच वाटेनें गेला. दोहोंचें ध्येय वेग, आणि दोहोंचें साधन दाब.

१८८४ सालीं तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यानें वाफेच्या साहाय्यानें कॉफी करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें १९०१ सालीं मिलानच्या लुइजी बेझेरा यानें तें सुधारून गिऱ्हाइकासमक्ष एकेक पेला झटपट काढण्याची सोय केली. वेळ वांचला, पण चव गेली. दाब वाढवावा तर वाफेची उष्णताहि वाढे आणि कॉफी करपट लागे.

मोंझाच्या राजोद्यानांतील शर्यतीचा मार्ग १९२२ सालीं तयार झाला. दुसऱ्याच वर्षीं तेथें कार्लो सालामानो यानें फियाट मोटारींतून ग्रां प्री जिंकली. त्या मोटारीच्या एंजिनांत हवा दाबून भरलेली असे. अशा मोटारीचा ग्रां प्रीमधील हा पहिलाच विजय. परंतु येथेंहि वेगाची किंमत द्यावी लागली. १९२८ सालीं एमिलिओ मातेरास्सी याची मोटार मार्ग सोडून प्रेक्षकांत घुसली. तो स्वतः व वीसहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. पुढील दोन वर्षें इटालियन ग्रां प्री भरलीच नाहीं.

कॉफीची अडचण मिलानच्या आकिले गाज्जा यानें सोडविली. महायुद्धानंतर त्यानें वाफेस रजा देऊन तरफ व स्प्रिंग यांचा उपयोग केला. उकळीखालच्या उष्णतेचें पाणी हवेच्या आठ-नऊ पट दाबानें भुकटींतून जाऊं लागलें, आणि पेल्यावर सोनेरी फेंस आला. दाब राहिला, दाहकता गेली. आजचा निष्णात कॉफीवाला भुकटी तोलून घेतो आणि पंचवीस-तीस सेकंदांवर नजर ठेवतो, तो याच शिस्तीनें.

मोंझास हा धडा उशिरां गिरवावा लागला. १९७१ सालीं तेथें पीटर गेथिन यानें ताशीं सरासरी सुमारें २४२ किलोमीटर वेगानें, अवघ्या एक-शतांश सेकंदाच्या फरकानें शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षीं त्या सरळ मार्गावर मुद्दाम वळणें घालण्यांत आलीं.

घाईनें वेग मिळत नाहीं. तो आवरतां आला तरच कामास येतो. मिलानच्या पेल्यानें हें चव गमावून शिकविलें. मोंझाच्या मार्गास मात्र त्यासाठीं माणसें गमवावीं लागलीं.