पहिलं कोण ऐकतं?

परवा आमच्या कॉलेजात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. समितीत असल्यामुळे बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. पीपीटी लावली की अर्धे लोक मोबाईल काढतात, म्हणून थेट १९७२ पासून सुरुवात केली.

देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर ठाण्यातच बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्र गाजलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. म्हणजे ही लढाई पेटवायला विद्यापीठातलेच लोक पुढे होते. पण स्वतःच्या आवारात काय चाललंय, याकडे विद्यापीठांनी बघायला फार वर्षं लावली.

१९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि तक्रार समित्या सक्तीच्या झाल्या. जेएनयूने १९९९ मध्ये जीएसकॅश नावाची समिती नेमली, त्यात विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असायचे. २०१७ मध्ये ती मोडली. (माझ्या मते चूक झाली.) बाकी बहुतेक ठिकाणी समिती म्हणजे नोटीस बोर्डावरचा कागद. २०१३ चा कायदा आणि २०१६ ची यूजीसीची नियमावली आली तेव्हा कुठे कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ही संस्थेची जबाबदारी ठरली.

एक गोष्ट कबूल करते. समितीत येण्याआधी, फार वर्षांपूर्वी, एक मुलगी माझ्याकडे रडत आली होती. मी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढ्या उशिरा तिथे गेलीस कशाला?" ती गप्प झाली आणि परत कधी आली नाही. मथुराला कोर्टात जे विचारलं गेलं, त्याचीच ही घरगुती आवृत्ती, आणि मी स्वतःला पुरोगामी समजत होते!

मुली प्राचार्यांकडे जातच नाहीत. आधी रेक्टरबाईंना, नाहीतर लायब्ररीतल्या मावशींना सांगतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये 'दिलासा' सुरू झालं, तेव्हा घरगुती हिंसा ओळखायला नर्सनाही शिकवलं गेलं. कारण तेच, बाई आधी त्यांच्यासमोर येते. आमच्याकडे मात्र प्रशिक्षण म्हटलं की प्राध्यापकांचं.

यूजीसीच्या नियमात समितीवर दोन शिक्षकेतर सदस्य असायलाच हवेत, हे सांगितल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली. कुणालाच माहीत नव्हतं. मग गेटवरचे काका उठले. "मॅडम, पोरगी लिहायच्या अवस्थेत नसेल तर?"

कायद्यात त्याचं उत्तर आहे. तिला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून काढायला समितीच्या सदस्याने मदत करायचीच. काकांनी फक्त तिला बसवायचं, पाणी द्यायचं, "का गेलीस" विचारायचं नाही आणि मला फोन करायचा. नंबर त्यांनी तिथेच ड्यूटीच्या वहीत, पहिल्या पानावर लिहून घेतला.